सरदार होशील

धामणखेडा, ता. गंगापूर
४ फेब्रुवारी १९८७

सरदारभाई,

मायना काय लिहावा ते अर्धा तास सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. चोवीस वर्षांनी पत्र बघून म्हणशील, हा कोण बद्रीनाथ. आप्पासाहेबांचा बद्री. आप्पा गेले, त्याला अकरा वर्षं झाली. तुला कुणी कळवलं होतं की नाही, माहीत नाही. मी तरी कळवलं नव्हतं.

पत्र मराठीत लिहितोय. तुला वाचता येतं, कारण शिकवलं मीच. आठवतं का? अठ्ठेचाळीसला पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, जहागीरदार सगळं विकून हैदराबादेकडं निघून गेले आणि आप्पांनी त्यांचा ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टरबरोबर तू आलास. अठरा वर्षांचा असशील. गावाला वाटलं, आप्पांनी तुलाही विकत घेतलं. माझ्या शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली होती. दिवसा मी शाळेत गिरवायचो आणि संध्याकाळी तुला मडगार्डवर खडूनं गिरवायला लावायचो. आप्पा ओरडायचे, रंग खराब होतो म्हणून.

तो ट्रॅक्टर अजून आहे. नांगरटीला तात्यासाहेबानं, म्हणजे माझ्या थोरल्यानं, नवीन घेतलाय. हा जुना आता शेतवस्तीवरच्या बारक्यासारक्या कामाला. शेणखत ओढायचं, बाभळीची खोडं आणायची, खळं दाबायचं, पट्टा लावून कडबा कापायचा. लोखंडी चाकं काढून रबरी बसवली. बाकी सगळं तेच. पेट्रोलवर चालू करायचा आणि तापला की रॉकेलवर टाकायचा. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर उलटा झटका मनगट मोडतो, हे तू शिकवलेलं. मी अजून तसंच मारतो.

लिहायचं कारण असं की तुझी जाहेदा आमच्या शाळेत मास्तरीण म्हणून आलीय. औरंगाबादहून रोज एसटीनं येते म्हणे. यंदा पाऊस नाही, शाळेची विहीर आटली. परवा ती पाण्यासाठी वस्तीवर आली. तुझी मुलगी आहे हे कळलं तेव्हा मी चाटच पडलो. तुझी खुशाली विचारली, ठीक म्हणाली. आता रोज दहा वाजता ट्रॅक्टरला टाकी जोडून शाळेत पाणी पोचवतो.

बाकी काही विशेष नाही. नजमुन्निसा भाभींना सलाम. दोन ओळी टाक.

बद्रीनाथ

*

धामणखेडा
२२ फेब्रुवारी १९८७

सरदारभाई,

उत्तर आलं नाही. येईल असं मनापासून वाटलंही नव्हतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की जाहेदा पाण्यासाठी आली आणि तुझी मुलगी आहे हे कळलं. कसं कळलं ते लिहिलं नाही. ते लिहायला पाहिजे.

त्या दिवशी कडब्याची कुट्टी चालू होती. माझा गडी बन्सी मशिनीत पेंढ्या लोटत होता. त्याचा हात जरा पुढं गेला आणि मी ओरडलो, "हात मागं घे रे बन्सी, सरदार होशील!"

बाई तेवढ्यात फाटकातून आत आल्या होत्या. विचारलं, "सरदार म्हणजे कोण?"

मी हसतच सांगितलं, "व्हता आमच्याकडं एक ड्रायवर. चालू मशिनीत हात घातला. तवापासून गावात असं बोलायची रीतच पडलीय."

"ते माझे वडील," ती म्हणाली.

बन्सीनं पेंढी खाली ठेवली. ट्रॅक्टर तसाच चालू होता. मी तो बंद करायला वळलो, नाहीतर तोंड कुठं करणार होतो.

हो सरदारभाई, गावात असं बोलतात. कुणी विळ्याशी, चुलीशी, मोटारीशी निष्काळजीपणा केला की म्हणतात, सरदार होशील. तुला न पाहिलेली पोरं म्हणतात. मीही म्हणतो. पहिल्यांदा कुणी म्हटलं ते आठवत नाही. मी कधी कुणाला थांबवलं नाही, हे मात्र आठवतं.

ट्रॅक्टर बंद झाल्यावर ती जवळ आली. म्हणाली, "हाच का तो?" मी मान हलवली. मग तिनं विचारलं, "अब्बा सांगतात, चूक त्यांचीच होती. तुम्ही तिथं होतात. खरंच तसं झालं का?"

मी काय उत्तर दिलं, ते तुला ठाऊकच आहे.

ती पाण्याचं ठरवून गेली. पोरांसाठी.

आणखी एक सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी शहागंजात आलो होतो. शफीच्या सायकलच्या दुकानाबाहेर तू स्टुलावर बसला होतास. चाक मांडीत दाबून डाव्या हातानं तारा बसवत होतास. मी पलीकडच्या फळवाल्यापाशी उभा राहिलो, बराच वेळ. मग परत फिरलो. तुझ्यात आणि माझ्यात वीस पावलंही नव्हती.

बद्रीनाथ

*

शहागंज, औरंगाबाद
८ मार्च १९८७

श्री. बद्रीनाथ आप्पासाहेब यांस,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन वर्षं झाली, त्यांना अक्षर दिसत नाही. तुमची पत्रं मीच त्यांना वाचून दाखवली. अम्मी आता नाहीत. तुमचा सलाम मी कुणाला सांगणार?

पहिलं पत्र ऐकून अब्बांनी इतकंच विचारलं, "रबरी चाकं बसवली? मग चिखलात घसरत असेल." दुसरं पत्र वाचताना 'मी काय उत्तर दिलं, ते तुला ठाऊकच आहे' या वाक्यापाशी मी थांबले. तुम्ही मला काय उत्तर दिलंत ते मला चांगलं आठवतं. तुम्ही म्हणालात, "व्हय, तसंच झालं." मग ते लिहायला तुम्हाला जड का जावं? मी ते वाक्य पुन्हा वाचलं. अब्बा कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडले. मी विचारलं, तर म्हणाले, "छोड दे बेटा."

मला ते सोडून देता येत नाही. मी दोन वर्षांची असताना आम्ही तुमच्या गावातून बैलगाडीनं निघालो. घरात कुणीही कधी त्या गावाचं नाव काढत नसे. मी स्वतः अर्जात धामणखेडा मागून घेतलं ते त्यासाठीच. अब्बांना ते आवडलं नाही.

तुम्ही रोज दहाला पाणी घेऊन येता, मी मुलांना रांगेत उभं करते. तिथं आपण काही बोलत नाही, ते बरंच आहे. काही लिहायचं असेल तर स्पष्ट लिहा. माझ्याच तोंडून ते अब्बांपर्यंत जाणार आहे, हे लक्षात ठेवून लिहा. नसेल लिहायचं तर यापुढं पत्र पाठवू नका.

जाहेदा सरदार

*

धामणखेडा
२७ मार्च १९८७

सरदारभाई, आणि जाहेदाबाई,

बाईंचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. या पंधरा दिवसांत मी रोज शाळेत टाकी नेली आणि रोज ठरवलं की तोंडानं सांगून मोकळं व्हावं. बाई वऱ्हांड्यात उभ्या असायच्या. मी तोटी सोडायचो, पोरांच्या घागरी भरायच्या, तोटी बंद करायचो आणि परत यायचो. शेवटी लिहायला बसलो. हे एका मुलीला आपल्या बापापुढं वाचावं लागणार आहे, हे माहीत असून लिहितोय. बाई, नको वाटलं तर इथंच थांबा. पण मला वाटतं तुम्ही थांबणार नाही.

जानेवारी त्रेसष्ट. संक्रांत झाली होती. माझं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. आशाबाईचे दोन्ही भाऊ जालन्याकडून पहिल्यांदाच आमच्या घरी आले होते. सरदारभाई, तू सकाळपासून कुट्टीवर होतास. पट्टा ट्रॅक्टरच्या पुलीवर चढवलेला. मला मेव्हण्यांपुढं मिरवायचं होतं म्हणून मी ट्रॅक्टरच्या सीटवर जाऊन बसलो. तू म्हणालास, "बद्रीभाऊ, बसा. पण अडकलं तर मी आवाज देईन. तवा नुसतं पायानं क्लच दाबून धरू नका, लिव्हर ओढून पुली सोडवा."

अडकलं. तू ओरडलास, "रोको!" मी क्लच दाबला. लिव्हर ओढली नाही. ती जड होती, दोन हात लावायला लागायचे, आणि मेव्हणे बघत होते. वाटलं, एवढं काय त्यात, पाय तर ठेवलाय. पुली थांबली, कुट्टीचं चाक थांबलं. तू माझ्याकडं बघितलंस, मी हातानं खूण केली, काढ. तू हात घातलास.

तेवढ्यात धाकट्या मेव्हण्यानं ओसरीवरून हाक मारली, "दाजी, मोटर चालवता की विमान?" सगळे हसले. मीही हसलो आणि त्याला जबाब द्यायला सीटवरच मागं वळलो. माझा पाय उचलला गेला.

तो आवाज कसा होता ते लिहीत नाही. सरदारभाईनं तो ऐकलाय.

आप्पा मळ्यातून पळत आले. धोतर रक्तानं माखेपर्यंत त्यांनी तुझं मनगट आवळून धरलं होतं. त्यांनी विचारलं, "कुणी चालू केलं?" आणि मी म्हणालो, "कुणी नाय. चालूच व्हतं. यानंच चालू मशिनीत हात घातला."

तू शुद्धीत होतास. माझ्याकडं बघितलंस.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात पोलिस ठाण्याचा जमादार आला. मी तुझ्या खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. जमादारानं लिहिलेलं वाचून दाखवलं: 'माझ्या निष्काळजीपणामुळं हात गेला, त्याबद्दल माझी कुणावर तक्रार नाही.' मग विचारलं, "बरोबर का?" तू पुन्हा माझ्याकडं बघितलंस. मी काही बोलेन म्हणून तू थांबला होतास, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी खाटेच्या दांडीकडं बघत राहिलो. तू म्हणालास, "बरोबर." तुला तुझं नाव मराठीत लिहिता यायचं. वळणदार लिहायचास. पण ज्या हातानं लिहायचास तो फडक्यात होता, म्हणून जमादारानं तुझा डावा अंगठा उठवला.

आप्पांनी चावडीवर तेच सांगितलं जे मी त्यांना सांगितलं. गावानं तेच धरलं. एका हाताचा ड्रायव्हर काय कामाचा, म्हणून आप्पांनी दुसरा माणूस बघितला. तुम्ही बैलगाडीनं निघालात तेव्हा नजमुन्निसा भाभी दारात आल्या होत्या, आशाबाईला भेटायला. त्यांनी विचारलं, बद्रीभाऊ कुठं आहेत? मी गोठ्यात होतो. म्हशींच्या मागं, भिंतीला लागून. गाडी वेशीबाहेर गेली, चाकांचा आवाज थांबला, तरी मी बाहेर आलो नाही.

बाई, त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत आणि मी व्हय म्हणालो. एवढ्या वर्षांनी, तुमच्या तोंडावर. पहिलं खोटं घाबरून बोललो असं म्हणता येईल. हे दुसरं कशासाठी बोललो? मला कुणी मारणार नव्हतं. आप्पा नव्हते, जमादार नव्हता. बन्सी ऐकत होता, एवढंच. गड्यापुढं कमीपणा नको म्हणून बोललो. त्या रात्रीपासून जेवण गोड लागत नाही.

काल हे पत्र लिहिताना आशाबाईनं विचारलं, काय लिहिता. मी सांगितलं. ती म्हणाली, "मी ओसरीवरून बघितलं व्हतं. तुमचा पाय उचललेला मी बघितला व्हता." मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस. म्हणाली, "हाक मारणारा भाऊ माझाच व्हता. आन् नजमुन्निसा दारात आली तवा तिच्या कडेवर ही पोर व्हती. मला तिच्याकडं बघवलं नाय." मग ती उठून आत गेली. रडली असेल. मी गेलो नाही.

माफी मागायला तोंड नाही. खरं काय ते लिहिलं.

बद्रीनाथ

*

शहागंज, औरंगाबाद
१९ एप्रिल १९८७

श्री. बद्रीनाथ यांस,

तुमचं पत्र वाचून दाखवायला मला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी मेव्हण्याच्या हाकेपर्यंत आले आणि पुढं वाचता आलं नाही. अब्बा म्हणाले, "राहू दे, मला माहीत आहे पुढं काय आहे." मीच म्हटलं, मला माहीत नाही.

वाचून झाल्यावर मी त्यांच्याशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, तुम्ही मला खोटं का सांगितलंत? मी लहानपणापासून ऐकत आले की माझा बाप बेफिकीर होता. अम्मी रागाच्या भरात त्यांना तसं बोलायच्या. शेजारीही बोलायचे. शफीचाचा दुकानात त्यांना कधी मशिनीला हात लावू देत नसत. आणि अब्बा ते सगळं ऐकून घेत राहिले.

अब्बा म्हणाले, "आप्पासाहेबांचं घर, त्यांचं गाव. ॲक्शन होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण आपल्या लोकांच्या मनातली भीती गेली नव्हती. मी एकटा म्हणालो असतो की मालकाच्या पोरानं केलं, तर कुणी ऐकलं असतं? आणि तुला खरं सांगितलं असतं, तर तू राग घेऊन मोठी झाली असतीस. माझ्यावर राग धरलास तर चालत होतं. मी घरातलाच."

तुमच्यासाठी त्यांनी एक निरोप दिला आहे. त्यांच्याच शब्दांत लिहिते: "बद्रीभाऊ, मला सांगून काय होणार? मला तर त्याच दिवसापासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

माझ्या मनात काय आहे ते मी लिहीत नाही. बदलीचा अर्ज लिहिला होता, तो फाडला. एक मेला शाळेत झेंडावंदन आहे, त्यानंतर मुलांचा निकाल. सगळं गाव येतं.

जाहेदा सरदार

*

धामणखेडा
२ मे १९८७

सरदारभाई,

बाईंनी तुला सांगितलं असेलच. तरी माझ्या बाजूनं लिहितो, कारण त्या मागं उभ्या होत्या आणि माझं तोंड त्यांना नीट दिसलं नसेल.

झेंडा झाला. गाव जमलं होतं, लिंबाखाली बायका, पुढं पोरं. मी सरपंच सांडूला आधी सांगून ठेवलं होतं की मला दोन शब्द बोलायचेत. तो हसून म्हणाला, "तुमी बोलाच, पण आधी आमचं होऊन जाऊ द्या." मला काही कळेना. मग त्यानं माझं नाव पुकारलं, पुढं बोलावलं आणि खांद्यावर शाल टाकली. उन्हाळाभर शाळेला पाणी पुरवलं म्हणून माझा सत्कार! हातात नारळ दिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ती शाल अंगावर घेऊनच मी बोललो. काढायचं सुचलं नाही.

म्हणालो, "सरदार ड्रायव्हरचा हात गेला, त्यात त्याची चूक नव्हती. माझ्या हातून चूक झाली होती. गावानं त्याला बोल लावू नये." एवढंच. आणि खालच्या आवाजात, मान खाली घालून. आठ दिवस मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, सगळं सांगायचं म्हणून. त्यातलं तेवढंच बाहेर आलं.

मग सांडू म्हणाला, "जाऊ द्या मालक. लई जुनी गोष्ट हाय. चुकतोच माणूस." म्हातारा फकिरा म्हणाला, "एवढ्या लोकांत बोलायला मोठं मन लागतं." आणि कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या.

सरदारभाई, त्या टाळ्या चालू असताना मला जी शरम वाटली तशी त्या दवाखान्यातही वाटली नव्हती. तू न केलेल्या चुकीसाठी या गावानं तुझं नाव चोवीस वर्षं सोडलं नाही. माझी चूक त्यांनी एका मिनिटात सोडून दिली, वर माझं मन मोठं ठरवलं. आणि मी गप्प उभा होतो. खरं सांगतो, क्षणभर वाटलं, झालं, सुटलो.

तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला. वर्गात पाढे म्हणून घेताना असतो तसा, चढा आणि साधा. "मागं ऐकू आलं नाही. परत सांगा. मोठ्यानं."

टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी वळून बघितलं. सांडू म्हणाला, "बाई, ते बोललेत की."

"काय बोलले ते कळलं नाही," बाई म्हणाल्या. "नीट सांगू द्या त्यांना."

मग मी सांगितलं. नारळ खाली ठेवला आणि सांगितलं. ट्रॅक्टरवर मी होतो. लिव्हर ओढ म्हणून सरदारनं सांगितलं होतं, मी ओढली नाही. मीच खूण केली, काढ म्हणून, तेव्हा त्यानं हात घातला. मेव्हण्याशी हसण्याच्या नादात माझा पाय उचलला. त्याचा हात मी तोडला. आप्पांनी विचारलं तेव्हा त्याच्या समोर खोटं बोललो. जमादारासमोर गप्प बसलो. त्याची बायको मला शोधत होती तेव्हा गोठ्यात लपलो. तुम्ही पोरं त्याचं नाव घेऊन हसायचात, मीही हसायचो. ही बाई त्याची मुलगी. तिनं मला विचारलं, तर मी तिलाही खोटंच सांगितलं.

या खेपेला कुणी जाऊ द्या म्हणालं नाही. सांडू नारळाकडं बघत होता. बायकांत आशाबाई उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला होता. बन्सी माझ्याकडं असा बघत होता की जणू मला पहिल्यांदाच बघतोय. मग बाईंनी पुढं येऊन टेबलावरचा कागद उचलला आणि निकाल वाचायला सुरुवात केली. पहिल्या पोराचं नाव घेताना त्यांचा आवाज कापला, दुसऱ्याला नाही.

निकाल संपल्यावर मी शाल टेबलावर ठेवून चालत निघालो. वेशीपाशी दोन-तीन म्हातारे येऊन बसले होते, त्यांत फकिराही होता. तो रोज मला उठून रामराम घालतो. काल त्यानं मला येताना बघितलं आणि तोंड फिरवलं.

बरं वाटलं असं लिहिणार नाही, कारण वाटलं नाही. पण मी मान वर ठेवून त्याच्या पुढून गेलो. त्याचं तोंड फिरवणं माझ्या वाट्याचं होतं. इतकी वर्षं ते तू सोसलंस.

बद्रीनाथ